अकरा सेवांचं दुकान कुबरनेटीसवर: ऑनलाइन बुटीक उभारताना प्रत्येक पायरीवर काय पाहावं

कुबरनेटीसवर, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या यंत्रणेवर, डेमो दुकान सुरू करायला फार वेळ लागत नाही. एक फाइल लागू केली की पॉड एकेक करून उभे राहतात आणि ब्राउझरमध्ये गॉगल, घड्याळ, मग विकणारं पान उघडतं. बहुतेक लेख इथे थांबतात, आणि शिकणाऱ्याला वाटतं की डिप्लॉयमेंट झालं. माझ्या मते खरं काम इथून सुरू होतं. दुकानातली एखादी सेवा बंद पडली तर गिऱ्हाइकाला काय दिसेल, त्याचे पैसे कुठे अडकतील, त्याची कार्ट राहील की जाईल, हे प्रत्येक सेवेबद्दल आपण ठरवलेलं असायला हवं. ठरवलं नाही, तर ते आपल्यासाठी कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं: कधी लायब्ररी लिहिणाऱ्याने, कधी कुबरनेटीसच्या डिफॉल्टने.

उदाहरणासाठी मी गूगलचं ‘ऑनलाइन बुटीक’ घेतोय. गिटहबवर ते मायक्रोसर्व्हिसेस-डेमो या नावाने खुलं आहे. कोड छोटा आहे, नीट वाचता येतो आणि त्यातल्या उणिवाही शिकण्यासारख्या आहेत. कंटेनर, इमेज आणि पॉड म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

आधी दुकानाचा नकाशा

चालू करण्याआधी कोण कुणाशी बोलतं ते कागदावर काढा. अर्धा तास जाईल, पण पुढचा प्रत्येक निर्णय त्या कागदावरून घ्यायचा आहे.

सेवा अकरा आहेत. फ्रंटएंड, प्रॉडक्ट कॅटलॉग, शिपिंग आणि चेकआउट या चार गो भाषेत आहेत. कार्टसर्व्हिस सी-शार्पमध्ये, जाहिराती दाखवणारी अ‍ॅडसर्व्हिस जावात, करन्सी आणि पेमेंट नोडजेएसमध्ये, ईमेल आणि रेकमेंडेशन पायथनमध्ये. अकरावी लोडजनरेटर, ती लोकस्ट हे साधन वापरून खोट्या गिऱ्हाइकांची वर्दळ सतत चालू ठेवते. शिवाय कार्ट साठवायला एक रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस), म्हणजे एकूण बारा डिप्लॉयमेंट (एका सेवेचे पॉड किती आणि कोणत्या इमेजवर चालवायचे याची नोंद).

बाहेरच्या जगाशी एचटीटीपीवर बोलतो तो एकटा फ्रंटएंड. आतल्या सेवा एकमेकींशी जीआरपीसीवर (एका सेवेने दुसरीतलं फंक्शन नेटवर्कवरून चालवण्याची पद्धत) बोलतात. कुणी कुणाला कुठे शोधायचं हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये दिलेलं असतं: कॅटलॉग ३५५० पोर्टवर, कार्ट ७०७० वर, करन्सी ७००० वर, चेकआउट ५०५० वर. पत्त्यात आयपी नसतो, सर्व्हिसचं (एका सेवेच्या पॉडसमोर लावलेल्या कायमच्या पत्त्याचं) नाव असतं. ते नाव क्लस्टरमधलं डीएनएस सोडवतं. म्हणून पॉड मेला, नवा आला, त्याचा आयपी बदलला, तरी बाकीच्यांना काही बदलावं लागत नाही.

नकाशावर दोन बाण जाड काढा. पहिला, फ्रंटएंडकडून करन्सीकडे. कॅटलॉगमध्ये नऊ वस्तू आहेत आणि मुख्य पान दाखवताना फ्रंटएंड प्रत्येक वस्तूची किंमत बदलून घ्यायला करन्सीसर्व्हिसला वेगळी हाक मारतो, तीही एकामागून एक. किंमत मुळात डॉलरमध्ये असली आणि डॉलरमध्येच दाखवायची असली, तरी हाक जाते. त्यामुळे सगळ्यात जास्त विनंत्या करन्सीवर येतात. दुसरा जाड बाण चेकआउटकडून निघतो; तो पुढे सहा सेवांना भिडतो. त्याच्याबद्दल नंतर सविस्तर.

पहिली पायरी: आपल्या मशीनवर उभं करणं

लॅपटॉपवर मिनिक्यूब (एका मशीनवर चालणारं छोटं कुबरनेटीस) पुरेसं आहे. सुरू करताना किमान ४ सीपीयू, ४०९६ एमबी मेमरी आणि ३२ जीबी डिस्क द्या. नेटवर्क पॉलिसी, म्हणजे कोणता पॉड कुणाशी बोलू शकतो याचे नियम, तपासायच्या असतील (पुढे तपासणार आहोत) तर आत्ताच सीएनआय (पॉडचं नेटवर्क जोडणारं प्लगइन) म्हणून कॅलिको निवडा. नंतर बदलायचं म्हणजे क्लस्टर पुसून पुन्हा उभं करावं लागतं.

रेपो क्लोन करा आणि मेन ब्रँचऐवजी एखाद्या ठरावीक रिलीज टॅगवर या. मग दुकानासाठी वेगळी नेमस्पेस (क्लस्टरमधला वेगळा कप्पा) तयार करा. डिफॉल्ट नेमस्पेसमध्ये सगळं टाकण्याची सवय सुरुवातीलाच मोडलेली बरी. त्यानंतर रेपोच्या रिलीज फोल्डरमधली कुबरनेटीस-मॅनिफेस्ट्स ही यॅमल फाइल क्यूबसीटीएल (कुबरनेटीसला आज्ञा देण्याचं साधन) अप्लायने त्या नेमस्पेसवर लागू करा. गेट पॉड्सला वॉचचा पर्याय देऊन पॉड कसे उभे राहतात ते बघत बसा. या बघण्यातून बरंच कळतं. अ‍ॅडसर्व्हिस सगळ्यांच्या मागे राहते, कारण जावाला उठायला वेळ लागतो आणि म्हणून तिच्या प्रोबला (सेवा तयार आहे का ते तपासणाऱ्या चाचणीला) वीस सेकंद थांबायला सांगितलेलं आहे.

एखादा पॉड पेंडिंगवरच अडकला, तर डिस्क्राइब करून शेवटचे इव्हेंट वाचा. बहुतेक वेळा सीपीयू अपुरा असं उत्तर मिळेल. सगळ्या सेवांनी मिळून मागितलेला सीपीयू दीड कोअरच्या आसपास जातो. त्यातला ३०० मिलिकोअर (हजार मिलिकोअर म्हणजे एक कोअर) एकटा लोडजनरेटर घेतो. मशीन लहान असेल तर आधी त्याचे रेप्लिका (एकाच सेवेचे चालू पॉड) शून्य करा.

फ्रंटएंडसाठी दोन सर्व्हिस आहेत. एक आतली, आणि एक फ्रंटएंड-एक्स्टर्नल नावाची लोडबॅलन्सर प्रकारची. मिनिक्यूबवर दुसरीचा बाहेरचा आयपी पेंडिंगच राहतो. लोडबॅलन्सर देणारा क्लाउड तिथे नसल्यामुळे असं होतं, यात बिघाड काही नाही. मिनिक्यूब टनेल चालू करा, किंवा फ्रंटएंड डिप्लॉयमेंटवर ८०८० चा पोर्ट-फॉरवर्ड लावा. पान उघडलं की एक वस्तू कार्टमध्ये टाकून ऑर्डर पूर्ण करा. लॉगिन नाही, फ्रंटएंड प्रत्येकाला कुकीत सेशन क्रमांक देतो. कार्डाचा खोटा नंबरही फॉर्ममध्ये भरलेलाच असतो.

दुसरी पायरी: मुद्दाम पाडून बघणं

माझ्या मते संपूर्ण सरावातला सर्वांत मोलाचा भाग हाच. आता दुकान चालू आहे, तर एकेक सेवा बंद करा. अप्लाय केलेल्या फाइलला हात लावू नका. क्यूबसीटीएल स्केलने त्या डिप्लॉयमेंटचे रेप्लिका शून्यावर आणा, ब्राउझरमध्ये पान ताजं करा, दिसलं ते लिहा, आणि पुन्हा एक करा.

अ‍ॅडसर्व्हिस शून्य केली तर पान उघडतं, फक्त जाहिरातीची पट्टी नसते. फ्रंटएंडच्या कोडमध्ये जाहिरातीच्या हाकेला १०० मिलिसेकंदांची मुदत आहे, आणि चूक आली तर ती लॉगमध्ये नोंदवून पुढे जायचं असं लिहिलेलं आहे. वस्तूच्या पानावर रेकमेंडेशनचंही तसंच: शिफारशी आल्या नाहीत तर त्यांच्याविना पान.

आता करन्सी शून्य करा. मुख्य पानच कोसळतं, ५०० चा एरर दिसतो. कॅटलॉगचंही तेच. कार्टसर्व्हिस पाडली तरी मुख्य पान जातं. कार्टमध्ये किती वस्तू आहेत हा वरच्या कोपऱ्यातला आकडा आणायला फ्रंटएंड तिला विचारतो, आणि उत्तर आलं नाही तर सगळं पान नाकारतो. इथे थांबून विचार करा. नुसता आकडा आला नाही म्हणून गिऱ्हाइकाला दुकानात शिरू द्यायचं नाही, हे तुम्हाला पटतं का? मला पटत नाही. माझ्या दुकानात मी तो आकडा शून्य दाखवून पान उघडू दिलं असतं.

पाडण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे संथ करणं. मेलेली सेवा लगेच नकार देते; संथ सेवा मागच्या सगळ्यांना ताटकळत ठेवते, आणि ते जास्त घातक. ऑनलाइन बुटीकमध्ये यासाठी सोय केलेली आहे. कॅटलॉगच्या डिप्लॉयमेंटवर एक्स्ट्रा-लेटन्सी नावाचं व्हेरिएबल (मोठ्या अक्षरांत, मध्ये अंडरस्कोअर) ३ सेकंदांवर ठेवलं की तिची प्रत्येक हाक तेवढी थांबते. क्यूबसीटीएल सेट एन्व्हने ते लावा आणि चेकआउटपर्यंत जाऊन बघा. चेकआउट कार्टमधल्या प्रत्येक वस्तूसाठी कॅटलॉगला वेगळं विचारतं, त्यामुळे पाच वस्तूंच्या ऑर्डरला थांबण्याची बेरीज होत जाते. मुदत न लावलेली हाक म्हणजे काय, ते असं एकदा अनुभवलं की विसरलं जात नाही.

या दोन सरावांनंतर तुमच्या कागदावर सेवांचे दोन गट आपोआप पडतील: जिच्याविना विक्री चालू राहते ती, आणि जिच्याविना विक्री थांबते ती. रेप्लिका किती ठेवायच्या, अलार्म कुणाला लावायचा, रात्री कुणाला उठवायचं, ते या गटांवरून ठरवा.

तिसरी पायरी: पैशांची वाट

ऑर्डर दिली की चेकआउटसर्व्हिस क्रमाने ही कामं करते: कार्ट मागवते, प्रत्येक वस्तूची माहिती आणि बदललेली किंमत घेते, शिपिंगचा खर्च विचारते, पेमेंटकडून कार्डावर रक्कम घेते, शिपिंगला माल पाठवायला सांगते, कार्ट रिकामी करते आणि ईमेल पाठवते. ईमेल गेला नाही तर फक्त इशारा नोंदवला जातो, ऑर्डर टिकते. ते योग्यच आहे.

पण पैसे घेतल्यानंतर शिपिंगने नकार दिला तर? चेकआउट चूक परत करतं, गिऱ्हाइकाला एरर दिसतो. पैसे मात्र घेतलेले असतात आणि ते परत करणारा कोडच नाही. कार्ट अजून भरलेली असते, म्हणून गिऱ्हाईक साहजिकच पुन्हा बटण दाबतं, आणि दुसऱ्यांदा पैसे जातात. डेमोत पेमेंट खोटं असल्यामुळे कुणाचं नुकसान होत नाही. शिवाय ऑर्डर कुठेच साठवली जात नाही. पानावर क्रमांक दिसतो आणि तिथेच तिची नोंद संपते.

हे दुकान खरं करायचं असेल तर सगळ्यात आधी इथे हात घाला. कुबरनेटीस यात काहीही मदत करू शकत नाही, कितीही रेप्लिका वाढवा. ऑर्डरसाठी स्वतंत्र डेटाबेस हवा आणि पैसे मागण्याआधी ‘पेमेंट बाकी’ अशा अवस्थेत ऑर्डर त्यात लिहिलेली हवी. पेमेंट गेटवेला पाठवायच्या प्रत्येक विनंतीला ऑर्डरशी बांधलेली एकच किल्ली द्या, म्हणजे तीच विनंती दोनदा गेली तरी पैसे एकदाच कापले जातील. पैसे मिळाल्याची खात्री गिऱ्हाइकाच्या ब्राउझरवर सोडू नका, गेटवेच्या वेबहुकवर (गेटवे थेट तुमच्या सर्व्हरला पाठवतो त्या निरोपावर) ठेवा. यूपीआयमध्ये तर गिऱ्हाईक फोनवरच्या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातं आणि परत येईलच असं नाही. आणि माल निघू शकला नाही तर परतावा सुरू करणारं काम वेगळं, पुन्हापुन्हा प्रयत्न करणारं असावं.

भारतात दुकान चालवणार असाल तर आणखी एक गोष्ट. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डाचा तपशील फक्त कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क साठवू शकतात. दुकानदाराने साठवायचा नाही. ऑनलाइन बुटीकमध्ये कार्डाचा नंबर फ्रंटएंडकडून चेकआउटमार्गे पेमेंटपर्यंत जातो. तुमच्या दुकानात तो तुमच्या क्लस्टरमध्ये शिरताच कामा नये: गेटवेचं पान किंवा त्यांचा फॉर्म वापरा आणि तुमच्याकडे फक्त टोकन येऊ द्या. जाता जाता सांगतो, डेमोची पेमेंट सेवा फक्त व्हिसा आणि मास्टरकार्ड घेते. रुपे कार्ड नाकारलं जाईल.

चौथी पायरी: कार्ट टिकवणं

कार्टमध्ये चार वस्तू टाका आणि रेडिसचा पॉड डिलीट करा. नवा पॉड येईल, कार्ट रिकामी असेल. मॅनिफेस्टमध्ये रेडिसला एम्प्टीडिर प्रकारचा व्हॉल्यूम आहे. तो कंटेनर रीस्टार्ट झाला तरी टिकतो, पण पॉडबरोबर जातो. नोड अपग्रेड होताना पॉड हलतातच, म्हणजे प्रत्येक अपग्रेडला सगळ्या गिऱ्हाइकांच्या कार्ट पुसल्या जाणार.

सोपा मार्ग म्हणजे क्लाउडचं सांभाळलेलं रेडिस घ्यायचं: गूगलवर मेमरीस्टोअर, अ‍ॅमेझॉनवर इलास्टिकॅश. मग कार्टसर्व्हिसच्या रेडिस-पत्त्याचं व्हेरिएबल बदललं की झालं. छोट्या संघाला मी हाच मार्ग सुचवेन. डेटा सांभाळणं हे वेगळं कौशल्य आहे आणि दोन-तीन माणसांनी दुकान चालवताना ते अंगावर घेऊ नये.

क्लस्टरमध्येच ठेवायचं असेल तर डिप्लॉयमेंट काढून स्टेटफुलसेट (डेटा सांभाळणाऱ्या पॉडसाठीचा प्रकार) करा, त्यात व्हॉल्यूम क्लेमचा (टिकाऊ डिस्कच्या मागणीचा) साचा द्या, आणि प्रत्येक बदल डिस्कवर नोंदवणारं रेडिसचं अपेंड-ओन्ली लॉगिंग चालू करा. नुसती डिस्क जोडून पुरत नाही, कारण रेडिस डिफॉल्टने ठरावीक अंतरानेच डिस्कवर प्रत काढतं आणि अचानक मेलं तर मधलं सगळं जातं. डिप्लॉयमेंट तशीच ठेवून तिला डिस्क जोडण्याचा मोह होतो. तसं केलंत, तर रोलिंग अपडेटच्या वेळी नवा पॉड दुसऱ्या नोडवर उभा राहू पाहतो, डिस्क मात्र जुन्या पॉडने धरून ठेवलेली असते, आणि दोघेही अडकतात.

एक सापळा सांगायला हवा. रेडिसचा पत्ता मिळालाच नाही तर कार्टसर्व्हिस बंद पडत नाही. ती स्वतःच्या मेमरीत कार्ट ठेवायला लागते. एक रेप्लिका असताना हे लक्षातही येत नाही. दोन केल्या की गिऱ्हाइकाच्या कार्टमधल्या वस्तू कधी दिसतात, कधी नाहीशा होतात. पत्त्याच्या व्हेरिएबलच्या नावात टायपो असेल तर इतकंच पुरे होतं. म्हणून खऱ्या दुकानात असा पर्यायी मार्ग काढून टाका. पत्ता नसेल तर सेवेने सुरूच होऊ नये.

पाचवी पायरी: रेप्लिका वाढवूनही भार का वाटला जात नाही

हा प्रश्न जवळपास प्रत्येक संघाला एकदा तरी पडतो. करन्सीवर भार दिसला म्हणून तीन रेप्लिका केल्या. क्यूबसीटीएल टॉप पॉड्स बघितलं तर एकच पॉड घामाघूम, बाकी दोघे निवांत.

कारण जीआरपीसीत आहे. कुबरनेटीसची साधी सर्व्हिस भार वाटते ती कनेक्शनच्या पातळीवर: कनेक्शन उघडताना क्यूब-प्रॉक्सी (प्रत्येक नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या मशीनवर, सर्व्हिसची वाहतूक वळवणारा भाग) एक पॉड निवडतो, नंतर त्या कनेक्शनवरून काय जातं ते त्याला दिसत नाही. जीआरपीसी एचटीटीपी/२ वर चालतं आणि एकच कनेक्शन उघडून त्यावरून हजारो विनंत्या पाठवत राहतं. फ्रंटएंडने सुरुवातीला ज्या पॉडचा हात धरला, सगळा भार त्याच्यावरच जातो. फ्रंटएंडचे दोन-चार पॉड असले तर थोडं वाटप योगायोगाने होतं, त्याहून जास्त नाही.

उपाय दोन. पहिला, ती सर्व्हिस हेडलेस करा, म्हणजे डीएनएस एका आयपीऐवजी सगळ्या पॉडचे आयपी देईल, आणि क्लायंटच्या कोडमध्ये डीएनएस रिझॉल्व्हर व राउंड-रॉबिन धोरण लावा. यात एक अडचण राहते: नवे पॉड आल्याचं क्लायंटला लगेच कळत नाही, म्हणून सर्व्हरच्या बाजूने कनेक्शनचं कमाल वय ठरवा, म्हणजे ती अधूनमधून नव्याने जोडली जातील. दुसरा उपाय सर्व्हिस मेश, म्हणजे सेवांमधलं बोलणं प्रॉक्सीतून नेणारी यंत्रणा: लिंकर्डी किंवा इस्टिओ. त्यांचा प्रॉक्सी प्रत्येक विनंती वेगळी वाटतो, शिवाय सेवांमधलं बोलणं एन्क्रिप्टही होतं. पण मेश म्हणजे सांभाळायला आणखी एक मोठी यंत्रणा. फक्त भार वाटण्यासाठी मी मेश आणणार नाही. दोन-तीन तापणाऱ्या सेवांना हेडलेस पुरतं.

हे सुटल्याशिवाय ऑटोस्केलर (भार बघून रेप्लिका वाढवणारी-घटवणारी सोय) लावू नका. तो सरासरी बघतो: एक पॉड ९० टक्क्यांवर आणि दोन १० टक्क्यांवर असतील तर त्याला सगळं आलबेल दिसेल.

ऑटोस्केलरसाठी पॉडचा वापर मोजणारा मेट्रिक्स-सर्व्हर हवा. मिनिक्यूबमध्ये तो अ‍ॅडऑन म्हणून चालू करता येतो. फ्रंटएंडला किमान २, कमाल ६ आणि सीपीयू ७० टक्के असं लावून लोडजनरेटरचे वापरकर्ते १० वरून वाढवत न्या. हे टक्के पॉडने मागितलेल्या सीपीयूचे असतात, नोडच्या सीपीयूचे नव्हेत. ही मागणी (मॅनिफेस्टमधली रिक्वेस्ट) अंदाजपंचे लिहिली असेल तर ऑटोस्केलरचे निर्णयही तसेच होतात. ऑटोस्केलर दर १५ सेकंदांनी बघतो, आणि खाली येताना डिफॉल्टने पाच मिनिटं थांबतो. दिवाळीच्या सेलमध्ये रात्री बारा वाजता दार उघडणार असाल, तर त्याच्या भरवशावर राहू नका. अर्धा तास आधी किमान आकडा हाताने वाढवा. गर्दीची वेळ माहीत असेल तर तयारीही आधीच करायला हवी.

मेमरीची मर्यादा ओलांडली की कंटेनर मारला जातो आणि डिस्क्राइबमध्ये ओओएमकिल्ड, एक्झिट कोड १३७ दिसतो. सीपीयूची मर्यादा ओलांडली तर मारत नाहीत, फक्त रोखून धरतात आणि सेवा संथ होते. मी मेमरीची मर्यादा नेहमी ठेवतो. सीपीयूची मर्यादा विक्रीच्या वाटेवरच्या सेवांना लावण्याआधी दोनदा विचार करतो.

सहावी पायरी: रुपया दाखवणं, अर्थात पहिला स्वतःचा बदल

दुसऱ्याची तयार इमेज चालवणं आणि आपला बदल सुखरूप पोहोचवणं यात मोठं अंतर आहे. सरावाला एक नेमका बदल सुचवतो. करन्सीसर्व्हिस युरोपियन सेंट्रल बँकेच्या दरांवर चालते आणि तिच्या यादीत भारतीय रुपया आहे. तरी दुकानात तो दिसत नाही, कारण फ्रंटएंडने सहाच चलनांना परवानगी दिली आहे: डॉलर, युरो, कॅनेडियन डॉलर, येन, पाउंड आणि तुर्की लिरा. फ्रंटएंडच्या मेन फाइलमध्ये ही यादी सापडेल. तिथे रुपया जोडा. एवढ्यावर थांबलात तर रुपयांचा आकडा डॉलरच्या चिन्हासह दिसेल, कारण चिन्हांची यादी हँडलर्स फाइलमध्ये वेगळी आहे आणि तिथे न सापडलेल्या चलनाला डॉलरचं चिन्ह मिळतं. दोन्हीकडे बदल करा.

इमेज मिनिक्यूबच्या आतच बांधता येते, इमेज बिल्ड आज्ञेने. टॅग स्वतःचा द्या, लेटेस्ट नको. लेटेस्ट टॅग असला की कुबरनेटीस दर वेळी बाहेरच्या रजिस्ट्रीतून इमेज ओढू बघतं. तुमची इमेज तिथे नसल्याने इमेजपुलबॅकऑफ येतो. खऱ्या क्लस्टरवर तर लेटेस्टमुळे काल नक्की काय चालू होतं हे सांगता येत नाही. मग फ्रंटएंडच्या डिप्लॉयमेंटमध्ये सर्व्हर या कंटेनरची इमेज बदला आणि रोलआउट स्टेटस बघा. बिघडलं तर रोलआउट अनडू. अनडू एकदा मुद्दाम करून बघा, खरी गरज पडण्याआधी.

रोलिंग अपडेटमध्ये एक क्षण नाजूक असतो. जुन्या पॉडला सिग्टर्म (थांबण्याचा सिग्नल) मिळतो आणि त्याच सुमारास त्याचं नाव सर्व्हिसच्या यादीतून काढणं सुरू होतं. दोन्ही गोष्टी समांतर चालतात. म्हणून पॉड मरायला निघाल्यावरही काही विनंत्या त्याच्याकडे येऊ शकतात. प्रीस्टॉपमध्ये (कंटेनर थांबवण्याआधी चालणाऱ्या आज्ञेत) काही सेकंद थांबायला सांगा, आणि सेवेच्या कोडमध्ये सिग्टर्म आल्यावर हातातलं काम संपवण्याची सोय लिहा. गोच्या जीआरपीसीत त्यासाठी ग्रेसफुलस्टॉप आहे. मॅनिफेस्टमध्ये बऱ्याच सेवांना, पेमेंटलासुद्धा, थांबण्याची मुदत ५ सेकंद दिलेली आहे, तर कुबरनेटीसचं डिफॉल्ट ३० सेकंद. बँकेच्या उत्तराची वाट बघणाऱ्या सेवेला ५ सेकंद अपुरे आहेत. ती मुदत वाढवा.

प्रोबबद्दल थोडं. जीआरपीसीचे प्रोब कुबरनेटीसमध्ये १.२७ पासून कायमचे झाले, त्यामुळे इमेजमध्ये वेगळं साधन भरावं लागत नाही. रेडीनेस म्हणजे विनंती पाठवू का, लाइव्हनेस म्हणजे मारून पुन्हा उभं करू का. लाइव्हनेसमध्ये दुसऱ्या सेवेची तपासणी कधीही ठेवू नका. रेडिस दोन मिनिटं गेलं म्हणून कार्टचे सगळे पॉड मारले गेले, तर एका बिघाडाचे दोन होतात.

सातवी पायरी: दारं-खिडक्या

क्लाउडवर नेताना मुंबईचा रीजन घ्या. गूगल आणि अ‍ॅमेझॉन दोघांचेही आहेत, अ‍ॅझ्युअरचा पुण्यातही आहे. क्लस्टर एकाहून जास्त झोनमध्ये पसरलेलं असू द्या, विक्रीच्या वाटेवरच्या प्रत्येक सेवेच्या किमान दोन रेप्लिका ठेवा, त्या वेगवेगळ्या झोनमध्ये पडतील असा नियम लिहा, आणि पॉड डिसरप्शन बजेटने सांगा की अपग्रेडच्या वेळी एक तरी जिवंत राहिली पाहिजे.

लोडजनरेटर काढा. ही गोष्ट खरोखर विसरली जाते आणि मग विक्रीचे आकडे खोट्या गिऱ्हाइकांनी भरतात. रेपोतल्या कस्टमाइझ फोल्डरमध्ये लोडजनरेटरविना, बाहेर न उघडणाऱ्या फ्रंटएंडसह, नेटवर्क पॉलिसींसह असे तयार तुकडे आहेत; हवे ते जोडून स्वतःचं मॅनिफेस्ट बनवा.

नेटवर्क पॉलिसींचं महत्त्व कमी लेखू नका. डिफॉल्टने क्लस्टरमधला प्रत्येक पॉड प्रत्येकाशी बोलू शकतो. जाहिरातीच्या सेवेत कुणी घुसलं तर त्याला रेडिस थेट वाचता येईल. आधी सगळं बंद करणारी पॉलिसी लावा, मग नकाशावरचा एकेक बाण उघडा. पहिल्या दिवशी काढलेला तो कागद इथे जसाच्या तसा कामी येतो. डीएनएसकडे जाणारा बाण विसरू नका, नाहीतर सगळ्यांचं बोलणं एकदम थांबेल. आणि लावलेली पॉलिसी खरंच अडवते का ते एका पॉडमधून हाक मारून तपासा, कारण सीएनआयला पॉलिसी कळत नसतील तर क्लस्टर त्या निमूट स्वीकारतं आणि काहीच अडवत नाही.

बाहेरच्या दारासाठी, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विनंत्या योग्य सेवेकडे वळवायला, जुने लेख एन्जिनएक्स इन्ग्रेस लावायला सांगतात. कुबरनेटीस समुदायाने त्या इन्ग्रेस-एन्जिनएक्स प्रकल्पाची देखभाल थांबवण्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये केली, म्हणून नवं दुकान गेटवे एपीआयवर (त्याच कामासाठीचं कुबरनेटीसचं नवं मानक) उभारा. एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्रांसाठी सर्ट-मॅनेजर (ती मागवणारं साधन) आणि लेट्स एन्क्रिप्ट (ती फुकट देणारी संस्था). नूतनीकरण आपोआप होतं का ते मुदत संपण्याची वाट न बघता तपासा.

पेमेंट गेटवेच्या किल्ल्या, पासवर्ड सिक्रेटमध्ये ठेवा, पण सिक्रेट म्हणजे फक्त बेस६४, एन्क्रिप्शन नव्हे. ती यॅमल गिटमध्ये टाकू नका. क्लाउडचं सिक्रेट-व्यवस्थापन वापरा आणि क्लस्टरमध्ये सिक्रेट वाचण्याचा अधिकार मोजक्या सर्व्हिस अकाउंटना द्या.

लॉग आणि ट्रेसिंग

अकरा सेवांचे लॉग वेगवेगळे वाचून एका ऑर्डरची गोष्ट जुळवता येत नाही. क्यूबसीटीएल लॉग्स पहिल्या आठवड्यापुरतं ठीक. क्रॅश होणाऱ्या पॉडसाठी प्रीव्हियसचा पर्याय लक्षात ठेवा, नाहीतर मेलेल्याचे शेवटचे शब्द हाती लागत नाहीत. ओपनटेलिमेट्रीचं ट्रेसिंग, म्हणजे एका विनंतीचा सगळ्या सेवांमधला प्रवास नोंदवणं, मात्र लवकर लावा. डेमोत त्याची सोय व्हेरिएबलने चालू होते, या नोंदी गोळा करणारा एक कलेक्टर उभा केला की पुरे. मुख्य पानाचा एक ट्रेस उघडून बघा: करन्सीच्या नऊ हाका एकाखाली एक जिन्यासारख्या दिसतील, आणि पान कुठे सुधारायचं ते आपोआप कळेल. अलार्म सीपीयूवर लावण्याआधी एका आकड्यावर लावा: गेल्या पाच मिनिटांत किती ऑर्डर पूर्ण झाल्या.

सराव संपल्यावर मिनिक्यूब डिलीट केलं की सगळं जातं. क्लाउडवर तसं नाही. क्लस्टर थेट पुसलं तर व्हॉल्यूम क्लेमने घेतलेल्या डिस्क आणि कधी लोडबॅलन्सरही मागे राहतात, आणि त्यांचं बिल चालू राहतं. आधी लोडबॅलन्सर प्रकारच्या सर्व्हिस डिलीट करा, मग व्हॉल्यूम क्लेम, मग क्लस्टर. आणि दुसऱ्या दिवशी क्लाउडच्या कन्सोलमध्ये डिस्क, राखून ठेवलेले आयपी आणि रजिस्ट्रीतल्या इमेज यांच्या याद्या एकदा उघडून बघा.